मार्क ट्वेन : ऋणमुक्तीसाठीं पृथ्वीप्रदक्षिणा

इ. स. १८९६ च्या जानेवारी महिन्यांत मुंबईच्या नॉव्हेल्टी थिएटरांत एका अमेरिकन गृहस्थाचीं व्याख्यानें झालीं. वय साठ वर्षांचें, केंस पिकलेले, दाट व विस्कटलेले, मिशा भरघोस, आणि शरीर दुखण्यानें व प्रवासानें थकलेलें. तो अगदीं संथपणें, मध्येंच थबकत, एखाद्या गंभीर विषयाचें निरूपण चालावें तसा बोले. त्याच्या स्वतःच्या मुद्रेवर हास्याची रेषाहि उमटत नसे; समोरची मंडळी मात्र हंसून हंसून बेजार होत. ह्या गृहस्थाचें नांव सॅम्युएल लँगहॉर्न क्लेमेन्स. जग त्याला मार्क ट्वेन म्हणून ओळखतें. मौजेचीं प्रवासवर्णनें लिहिणारा म्हणून त्याची ख्याति त्या काळीं दूरवर पसरली होती. परंतु ह्या खेपेस तो मौजेसाठीं घराबाहेर पडलेला नव्हता. त्याच्या शिरावर कर्जाचा डोंगर होता, आणि तें पै न पै फेडीन असा शब्द देऊन हा मनुष्य उतारवयांत पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला होता. तो शब्द त्यानें कसा पाळला, आणि तो पाळतांना त्याला काय सोसावें लागलें, हीच ह्या चरित्रांतील मुख्य गोष्ट आहे.

सॅम्युएलचा जन्म ३० नोव्हेंबर १८३५ रोजीं अमेरिकेंतील मिसूरी संस्थानांत फ्लॉरिडा नांवाच्या एका खेड्यांत झाला. तो चार वर्षांचा असतां त्याचे आईबाप मिसिसिपी नदीच्या कांठीं हॅनिबल गांवीं राहावयास आले. ती विशाल नदी, तिच्यांतील बेटें, कांठच्या गुहा आणि दिवसांतून एकदोनदां धूर सोडीत येणाऱ्या आगबोटी, हीच त्याची खरी शाळा. पुढें टॉम सॉयर व हकलबेरी फिन ह्या खोडकर पोरांच्या ज्या कथा त्यानें लिहिल्या त्यांचें मूळ ह्याच गांवांत आहे. मिसूरींत त्या काळीं गुलामगिरी कायदेशीर होती. गुलामांची विक्री, त्यांना होणारी मारहाण हीं दृश्यें पोरांच्या नित्य पाहण्यांतलीं असल्यामुळें त्यांत कांहीं वावगें आहे असें त्या वयांत त्याला वाटलेंच नाहीं. तें वाटावयास पुष्कळ वर्षें लागलीं, आणि त्या आठवणीनें त्याला एके दिवशीं कोठें गांठलें तें पुढें येईलच.

१८४७ सालीं वडील वारले. तेव्हां सॅम्युएल अवघा अकरा वर्षांचा होता. थोड्याच काळांत शाळा सुटली आणि तो एका छापखान्यांत उमेदवार म्हणून राहिला. खिळे जुळवितां जुळवितां त्याला वाचनाची गोडी लागली व लिहिण्याची हौस उत्पन्न झाली. वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास घर सोडून त्यानें सेंट लुई, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया अशा शहरांतून खिळे जुळाऱ्याचें काम केलें. पुढें १८५७ सालीं मिसिसिपीवरील आगबोटींच्या पायलटाचा धंदा शिकण्यासाठीं तो होरेस बिक्स्बी नांवाच्या कसलेल्या पायलटाच्या हाताखालीं राहिला. शेंकडों मैल लांबीच्या त्या नदीचें प्रत्येक वळण व प्रत्येक उथळ जागा काळोखांतहि ध्यानांत ठेवावी लागे. १८५९ सालीं त्याला परवाना मिळाला. त्याच्या आदल्याच वर्षीं एका आगबोटीचा बंब फुटून त्याचा धाकटा भाऊ हेन्री भाजून मरण पावला होता. हेन्रीला त्या बोटीवर नोकरी आपणच लावून दिली, हें शल्य त्याच्या मनांतून जन्मभर गेलें नाहीं. विनोदी मनुष्याला दुःख ठाऊक नसतें असें ज्यांना वाटतें त्यांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

१८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू झालें आणि नदीवरील वाहतूक बंद पडली. तेव्हां थोरल्या भावाबरोबर टपालाच्या घोडागाडींतून तो दूर पश्चिमेस नेव्हाडा प्रांतांत गेला. तेथें रुप्याच्या खाणींत एका रात्रींत लक्षाधीश होण्याचीं स्वप्नें पाहून तो लवकरच निष्कांचन झाला. अखेर व्हर्जिनिया सिटी येथील एका वृत्तपत्रांत नोकरी धरून १८६३ सालापासून तो मार्क ट्वेन ह्या नांवानें लिहूं लागला. नदीवरील खलाशी दोरी सोडून पाण्याची खोली मोजीत. दोन वांव पाणी, म्हणजे बारा फूट, भरलें कीं ते मार्क ट्वेन अशी आरोळी देत. आगबोटीला तेवढें पाणी निर्धोक असे. हें नांव धारण करणाऱ्याची नौका मात्र पुढें अनेकदां उथळ पाण्यांत रुतली.

प्रवासलेखक म्हणून त्याचा उदय १८६६ सालीं झाला. त्या वर्षीं एका वृत्तपत्रानें त्याला सँडविच बेटांत, म्हणजे आजच्या हवाईंत, पाठविलें. तेथून त्यानें धाडलेलीं पत्रें लोकांना इतकीं आवडलीं कीं, परत आल्यावर सॅनफ्रान्सिस्कोंत त्यानें त्याच विषयावर व्याख्यान दिलें. पुढील वर्षीं क्वेकर सिटी नांवाची आगबोट कांहीं धनिक व धर्मशील यात्रेकरूंना घेऊन युरोप व पॅलेस्टाइनच्या सफरीला निघाली. तिचें साडेबाराशें डॉलर भाडें कॅलिफोर्नियांतील एका वृत्तपत्रानें भरलें आणि त्याच्या बदल्यांत ट्वेननें प्रवासांतून पत्रें पाठवावीं असें ठरलें. ८ जून १८६७ रोजीं बोट न्यूयॉर्कहून सुटली व नोव्हेंबरांत परत आली.

ह्या सफरींत झालेल्या फजित्यांस सीमा नाहीं. अथेन्सच्या बंदराशीं बोट पोहोंचली तों अधिकाऱ्यांनीं क्वारंटाइन लावून कोणासहि उतरण्याची मनाई केली. समोर टेंकडीवर जगप्रसिद्ध देवालयें दिसत आहेत आणि पाय मात्र बोटीवरच! ट्वेन व त्याचे तीन सोबती रात्रीं होडींतून गुपचूप किनाऱ्यावर उतरले. वाटेंत त्यांनीं द्राक्षांच्या मळ्यांतून द्राक्षें लांबविलीं, राखणदारांनीं त्यांना हुसकून लावलें, आणि तरीहि शेवटीं पहारेकऱ्यांचें मन वळवून त्यांनीं पार्थेनॉन चांदण्यांत पाहिलेंच. पॅरिसांत भेटलेल्या एका वाटाड्याचें नांव उच्चारतां येईना म्हणून ह्या मंडळींनीं त्याला फर्ग्युसन हें नांव दिलें. आणि पुढें कोणत्याहि शहरांत कोणीहि वाटाड्या मिळो, तो फर्ग्युसनच! जिनोआ येथील वाटाड्यानें मोठ्या अभिमानानें कोलंबसच्या हातचें पत्र दाखविलें, तेव्हां त्यांनीं गंभीरपणें अक्षर फारच वाईट असल्याचा शेरा मारून त्या बिचाऱ्याचा पार हिरमोड केला. थोरांचें नांव निघतांच प्रवाशांनीं डोळे पांढरे करावे ही जी रीत त्या वेळच्या प्रवासवर्णनांत पडली होती तिची ट्वेननें अशी थट्टा केली. जें पाहिलें तें आपल्याच डोळ्यांनीं पाहावें आणि जें वाटलें तेंच सांगावें, हें त्याच्या लेखनाचें ब्रीद होतें. ह्या पत्रांचें पुस्तक १८६९ सालीं प्रसिद्ध झालें व एकदम हातोहात खपलें.

ह्याच सफरींत स्मर्ना येथील उपसागरांत त्याच्या एका तरुण सहप्रवाशानें आपल्या बहिणीची तसबीर त्याला दाखविली. ती ऑलिव्हिया लँग्डन. २ फेब्रुवारी १८७० रोजीं तिच्याशीं त्याचा विवाह झाला. ऑलिव्हिया सुशिक्षित, शांत व प्रकृतीनें नाजुक होती. नवऱ्याचें लेखन छापण्यापूर्वीं ती वाचून पाही, आणि जेथें त्याची लेखणी मर्यादा सोडी तेथें निशाणी करी. त्यांचा पहिला मुलगा दीड वर्षाचा होऊन वारला. पुढें सूझी, क्लारा व जीन अशा तीन मुली झाल्या. १८७४ पासून हें कुटुंब हार्टफर्ड येथें स्वतः बांधविलेल्या ऐसपैस घरांत राहूं लागलें. त्याचीं उत्तम पुस्तकें ह्याच काळांतलीं होत.

१८७८ सालीं तो कुटुंबासह जर्मनींत हायडेलबर्ग येथें जाऊन राहिला, आणि परदेशांतील संसाराचा त्याला पहिला अनुभव आला. जर्मन भाषेशीं त्याची जी झुंज जुंपली ती आयुष्यभर चालली. त्या भाषेंत क्रियापद वाक्याच्या अगदीं शेवटीं येतें, शब्दाला शब्द जोडून मालगाडीएवढे समास होतात, आणि मुलगी ह्या अर्थाचा शब्द नपुंसकलिंगी असून सलगम मात्र स्त्रीलिंगी आहे. हें पाहून त्यानें त्या व्याकरणावर एक निबंधच लिहिला. मराठींत मूल नपुंसकलिंगी व खुर्ची स्त्रीलिंगी हें आपणांस जन्मापासून अंगवळणीं पडलेलें असल्यामुळें त्या निबंधांतील विनोद आपल्याकडील वाचकाला दुहेरी वाटतो. नंतर आपला स्नेही जोसेफ ट्विचेल ह्याच्यासह तो स्वित्झर्लंडांत पायीं हिंडला. रिगी पर्वतावरून सूर्योदय पाहावा म्हणून चढूं लागलेल्या दोघां मित्रांची त्यानें रंगविलेली हकीकत प्रसिद्धच आहे. तीन तासांची चढण त्यांना तीन दिवस पुरली. शिखरावरच्या हॉटेलांत ते असे झोंपले कीं, शिंगाच्या आवाजानें जागे होऊन अंगावर लाल कांबळीं घेऊन धांवत बाहेर आले, आणि बऱ्याच वेळानें त्यांच्या ध्यानांत आलें कीं, समोर दिसतो आहे तो सूर्योदय नसून सूर्यास्त आहे! ह्या प्रवासाचें पुस्तक १८८० सालीं निघालें. आपल्या फजितीचें मोल ह्या मनुष्याला ठाऊक होतें. स्वतःस शहाणा ठरविण्याचा यत्न तो कधींच करीत नसे. म्हणून वाचक त्याला आपलाच मानीत.

परंतु दुसऱ्यांच्या भोळेपणावर हंसणारा हा लेखक व्यवहारांत स्वतः अत्यंत भोळा होता. १८८४ सालीं त्यानें आपली स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. आरंभीं तिचें नशीब जोरावर होतें. युद्धांतील सेनापति व माजी अध्यक्ष जनरल ग्रँट ह्यांचें आत्मचरित्र तिनें छापलें आणि त्यांच्या विधवा पत्नीस पहिल्याच धनादेशानें दोन लक्ष डॉलर दिले. ह्या यशानें ट्वेनचा हात सैल झाला. त्यांतच जेम्स पेज नांवाच्या एका संशोधकानें त्याला भुरळ घातली. पेज खिळे जुळविण्याचें यंत्र तयार करीत होता. लहानपणीं हातांनीं खिळे जुळविलेल्या ट्वेनला हें यंत्र म्हणजे चमत्कारच वाटला. त्यांत सुमारे अठरा हजार सुटे भाग होते. तें चालूं लागलें म्हणजे अप्रतिम चाले. पण चालूं लागलें कीं लगेच कांहीं तरी मोडे. संशोधक सुधारणा करीत राहिला आणि लेखक पैसे ओतीत राहिला. चौदा वर्षांत सुमारे तीन लक्ष डॉलर त्या यंत्राच्या पोटांत गेले. इतक्यांत मर्गनथालर ह्याचें लायनोटाइप हें साधें व टिकाऊ यंत्र छापखान्यांतून रूढ झालें, आणि पेजच्या यंत्राला कोणी विचारीना.

हार्टफर्ड येथील घराचा खर्च झेपेना. युरोपांत त्या वेळीं राहणी स्वस्त असे. शिवाय ऑलिव्हियाच्या प्रकृतीस तेथील औषधी झरे मानवतील अशीहि आशा होती. १८९१ च्या जून महिन्यांत घराला कुलूप लावून सारें कुटुंब समुद्रपार गेलें. थोड्या दिवसांसाठीं म्हणून सोडलेल्या त्या घरांत पुन्हां एकत्र नांदणें त्यांच्या नशिबीं नव्हतें.

त्यानंतरचीं नऊ वर्षें म्हणजे हॉटेलें, भाड्याचीं घरें आणि बांधलेल्या पेट्या. एक्स-ले-बें येथील स्नानें झालीं. ट्वेनच्या उजव्या हातास संधिवातानें इतकें ग्रासलें कीं, डाव्या हातानें लिहिण्याचा सराव करण्याची पाळी आली. थोडा विसावा मिळाला तो ऱ्होन नदीवर. एक होडी व एक नावाडी घेऊन तो प्रवाहाबरोबर दहा दिवस खालीं वाहत गेला. नदीवर वाढलेल्या ह्या माणसाला नदीवरच शांति मिळावी हें स्वाभाविकच होतें. बर्लिनमध्यें स्वस्त म्हणून घेतलेली जागा इतक्या गलिच्छ वस्तींत निघाली कीं, ती सोडून हॉटेलांत जावें लागलें. त्याच शहरांत १८९२ सालीं कैसर दुसरा विल्यम ह्याच्या पंक्तीस बसण्याचा मान त्याला मिळाला. कैसरानें त्याच्या मिसिसिपीवरील पुस्तकाची स्तुति केली. तो सांगत असे कीं, त्याच रात्रीं घरीं परततांच दरवानानेंहि त्याच पुस्तकाची तशीच वाखाणणी केली. आणि सम्राट व दरवान ह्यांच्या एकमतानें त्याला जितका आनंद झाला तितका दुसऱ्या कशानेंच झाला नाहीं.

पुढें फ्लॉरेन्सजवळील टेंकडीवरच्या एका वाड्यांत बिऱ्हाड असतांना त्यानें झपाट्यानें लेखन केलें. परंतु लेखणीनें मिळवावें आणि यंत्रानें गिळावें असा प्रकार चालू होता. १८९३ सालीं अमेरिकेंत मोठी आर्थिक मंदी आली. पेढ्या धडाधड कोसळूं लागल्या. ट्वेन एकसारखा अटलांटिक महासागर ओलांडून न्यूयॉर्कला धांव घेई आणि रिकाम्या हातीं परते. १८ एप्रिल १८९४ रोजीं त्याच्या प्रकाशनसंस्थेचें दिवाळें वाजलें. सावकार सुमारे शंभर होते आणि त्याच्या माथीं आलेलें ऋण एक लक्ष डॉलरच्या घरांत होतें.

ह्या संकटांत हेन्री रॉजर्स हा स्टँडर्ड ऑइल कंपनीचा धनाढ्य अधिकारी त्याच्या मदतीस धांवून आला. धंद्यांत कठोर म्हणून कुप्रसिद्ध असलेल्या ह्या मनुष्यानें लेखकाचा व्यवहार मात्र मोबदल्याची अपेक्षा न धरतां हातीं घेतला. ऑलिव्हियानें स्वतःचे पुष्कळ पैसे संस्थेंत घातले होते. तेव्हां तीच पहिली सावकार, असें दाखवून रॉजर्सनें सर्व पुस्तकांचे हक्क तिच्या नांवें करून घेतले. हे हक्क लिलावांत मातीमोलानें गेले असते तर कर्ज फेडण्याचें साधनच नाहींसें झालें असतें. सावकारांना मिळेल तेवढा अंश देऊन मोकळें होण्याची वाट व्यापारांत रूढ होती, आणि तसें केलें असतें तर त्याला कोणी नांवें ठेवलीं नसतीं. पण ऑलिव्हियाला ती वाट पसंत नव्हती. ट्वेनलाहि वाटलें कीं, व्यापाऱ्याला दिवाळ्याचा कायदा सोडवील, परंतु लेखकाचें भांडवल त्याचें नांव हेंच असतें, आणि त्या नांवाला कोणताहि कायदा सोडवूं शकत नाहीं. सर्व सावकारांस पुरी रक्कम देण्याचें त्यानें वृत्तपत्रांतून जाहीर केलें.

व्यासपीठावरून बोलण्याचा त्याला मनापासून कंटाळा होता. तरी १५ जुलै १८९५ रोजीं क्लीव्हलंड येथें पहिलें व्याख्यान देऊन त्यानें प्रवासास आरंभ केला. पायावरच्या काळपुळीनें त्याला आधीं कित्येक आठवडे अंथरुणास खिळविलें होतें. ती पुरती बरीहि झाली नव्हती. ऑलिव्हिया व क्लारा बरोबर निघाल्या; सूझी व जीन ह्या मावशीपाशीं राहिल्या. गाडी सुटली तेव्हां दिव्यांच्या उजेडांत फलाटावर उभी राहून सूझी हात हालवीत होती. तें चित्र आईबापांच्या डोळ्यांत कायमचें राहिलें.

ऑगस्टमध्यें व्हिक्टोरियाहून बोट सुटली. ज्या हवाई बेटांनीं एकोणतीस वर्षांपूर्वीं त्याला व्याख्याता बनविलें होतें तीं पुन्हां डोळे भरून पाहावीं अशी त्याची फार इच्छा होती. बोट होनोलूलूपाशीं आली तों गांवांत पटकीची सांथ! उतरण्यास बंदी झाली, ठरलेलें व्याख्यान बुडालें, आणि तरुणपणचें तें स्वप्न त्यानें बोटीच्या कठड्यावरूनच पाहिलें. पुढें ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथें गांवोगांव व्याख्यानें झालीं. काळपुळीनें मधून मधून पुन्हां डोकें वर काढलें. व्याख्यानांत तो नीतिपाठ देण्याचा आव आणी आणि प्रत्येक अपराधापासून माणूस कांहीं तरी शिकतो असें प्रतिपादन करी. उदाहरण म्हणून लहानपणीं चोरलेल्या कलिंगडाची गोष्ट सांगे: तें कच्चें निघालें म्हणून त्यानें तें शेतकऱ्यास परत नेऊन दिलें आणि असलीं फळें विकल्याबद्दल त्यालाच चार उपदेशाच्या गोष्टी सांगितल्या! श्रोते हंसत आणि मिळालेला पैसा रॉजर्सकडे रवाना होई.

सिलोन पाहून मंडळी मुंबईस उतरली. आल्याबरोबर खोकल्यानें ट्वेनला खोलींत कोंडून घातलें. तेव्हां खिडकींत येऊन बसणाऱ्या कावळ्यांचा त्यानें इतका बारकाईनें अभ्यास केला कीं, आपल्या ह्या नित्याच्या पाहुण्याचें त्याच्या पुस्तकांतील चित्र वाचून मुंबईकरानें स्वतःशींच हंसावें. एका चपळ नोकराला त्यानें सैतान असें नांव ठेवलें होतें. परंतु मुंबईंतील सर्वांत मोठी आठवण हंसण्याची नव्हे. हॉटेलांत एका युरोपियन माणसानें क्षुल्लक चुकीसाठीं एका हिंदी नोकराच्या कानशिलांत भडकावली. नोकरानें ती मुकाट्यानें सोसली. त्या क्षणीं पन्नास वर्षांचें अंतर नाहींसें होऊन ट्वेन आपल्या मिसूरींतील बालपणांत जाऊन पोहोंचला. गुलामांना असेंच मारीत. ते असेच गप्प राहत. एका गुलामास त्याच्या धन्यानें लहानशा चुकीबद्दल लोखंडाच्या दगडानें ठार केलेलें त्यानें पाहिलें होतें. जें पोरपणीं स्वाभाविक वाटलें त्याची लाज त्याला हजारों कोसांवर मुंबईंत वाटली. प्रवासानें माणूस परक्यांना ओळखूं लागतो असें म्हणतात. ट्वेननें येथें स्वतःला ओळखलें.

मुंबईहून तो बडोद्यास गेला. तेथें सयाजीराव गायकवाडांच्या राजधानींत त्याचें व्याख्यान झालें. सोन्यारुप्याच्या तोफा पाहून तो थक्क झाला. नंतर अलाहाबाद, काशी, कलकत्ता असा प्रवास करीत तो दार्जिलिंगला चढला. उतरतांना आगगाडी सोडून सारें कुटुंब एका लहानशा ट्रॉलींत बसलें आणि सुमारे पस्तीस मैलांची ती घाटाची उतरण वाऱ्याच्या वेगानें उतरून आलें. आयुष्यांतील अत्यंत सुखाच्या दिवसांत त्यानें ह्या दिवसाची गणना केली. जयपुरास पुन्हां दुखणें आलें. तेथून उठून तो लाहोर व रावळपिंडीपर्यंत गेला, आणि मग मॉरिशसवरून दक्षिण आफ्रिकेस पोहोंचला. प्रिटोरियाच्या तुरुंगांत जेमसनच्या स्वारीशीं संबंध असलेले राजकीय कैदी होते. त्यांना भेटून त्यानें तुरुंगांतील विसाव्याची थट्टेनें तारीफ केली. कैदी हंसले; सरकारी अधिकाऱ्यांना मात्र ती थट्टा खरी वाटून कैद्यांवरील सक्ती वाढल्याचें सांगतात. विनोद ही दुधारी तरवार आहे, ह्याचा प्रत्यय त्याला असा आला.

३१ जुलै १८९६ रोजीं तो साउदॅम्प्टनला उतरला. प्रदक्षिणा पुरी होत आली होती. सूझी व जीन लवकरच इंग्लंडांत येऊन मिळणार होत्या. मुलींच्या ऐवजीं पत्र आलें, कीं सूझी किंचित् आजारी आहे. मग तारा येऊं लागल्या. ऑलिव्हिया व क्लारा घाईनें अमेरिकेस निघाल्या. त्या समुद्रावर असतांनाच, १८ ऑगस्ट रोजीं, गिल्डफर्ड येथील भाड्याच्या घरांत एकट्या असलेल्या बापाच्या हातीं तार पडली. मेंदूच्या दाहानें सूझी त्याच दिवशीं हार्टफर्डच्या जुन्या घरीं मरण पावली होती. ती चोवीस वर्षांची होती. तिच्या अंत्यविधीसहि बाप पोहोंचूं शकला नाहीं.

आतां खरी कसोटी लागली. व्याख्यानांचें उत्पन्न पुरेसें नव्हतें. प्रवासाचें पुस्तक लिहून तें विकल्यावांचून ऋण फिटणार नव्हतें, आणि तें पुस्तक विनोदी असणें भाग होतें. लंडनमधील चेल्सी भागांत पडदे ओढून घेतल्याप्रमाणें तें कुटुंब राहिलें. सण नाहीं, पाहुणे नाहींत. ट्वेन रोज सकाळीं टेबलाशीं बसे आणि जगाला हंसविण्यासाठीं लिही. तो दिसेनासा झाल्यामुळें तो उपाशी आहे, घरच्यांनीं त्याला टाकलें आहे, अशा कंड्या उठल्या. १८९७ सालीं त्याच्या एका आप्ताच्या आजारावरून घोंटाळा होऊन त्याच्याच मृत्यूची वार्ता पसरली. चौकशीस आलेल्या बातमीदारास त्यानें ह्या बातमींत अतिशयोक्ति झाली असल्याचें कळविलें, आणि जग पुन्हां हंसलें. त्याच वर्षीं एका अमेरिकन वृत्तपत्रानें त्याच्यासाठीं वर्गणीचा फंड सुरू केला. क्षणभर त्याला मोह झाला. परंतु घरच्या माणसांनीं विरोध केला आणि त्यानें तो फंड बंद करविला. दुसऱ्यांच्या दयेनें फेडलेलें कर्ज हें फेडलेलें कर्ज नव्हे, हें त्यालाहि पटलें.

पुस्तक नोव्हेंबर १८९७ मध्यें प्रसिद्ध झालें. त्या वेळीं तो व्हिएन्नांत होता. तेथील पत्रकारांच्या सभेंत त्यानें जर्मन भाषेच्या संकटांवर चक्क जर्मन भाषेंतच भाषण करून आपला जुना सूड उगविला. पुस्तकाचे पैसे येऊं लागले, रॉजर्सनें ते चोख हिशेबानें वांटले, आणि १८९८ च्या आरंभीं शेवटच्या सावकाराची शेवटची रक्कम चुकती झाली. चार वर्षांपूर्वीं दिलेला शब्द पुरा झाला.

१५ ऑक्टोबर १९०० रोजीं तो न्यूयॉर्कला परतला, तेव्हां विजयी सेनापतीचें व्हावें तसें त्याचें स्वागत झालें. पण हार्टफर्डच्या घरांत पाऊल टाकून राहण्याचें धैर्य त्या आईबापांना झालें नाहीं. तें पुढें विकून टाकलें. ऑलिव्हिया १९०४ सालीं फ्लॉरेन्स येथें वारली. १९०७ सालीं ऑक्सफर्ड विश्वविद्यालयानें लहानपणीं शाळा सुटलेल्या ह्या छापखान्यांतील पोराला डॉक्टर ही पदवी अर्पण केली. १९०९ च्या नाताळाच्या आदल्या दिवशीं जीन गेली. त्याच्या जन्माच्या वर्षीं हॅलेचा धूमकेतु आकाशांत दिसला होता. तो पुन्हां येईल तेव्हां आपणहि त्याच्याबरोबर जाऊं, असें तो थट्टेनें म्हणत असे. २१ एप्रिल १९१० रोजीं, धूमकेतु परत आला असतांनाच, ती थट्टा खरी झाली.

विद्यार्थिमित्रहो, मार्क ट्वेन हा निर्दोष पुरुष नव्हता. तो तापट होता, लोभानें फसला होता, आणि कर्जांत पडला तो बहुतांशीं स्वतःच्याच चुकीनें. परंतु चूक आपली हें ओळखल्यावर तिचा भार त्यानें दुसऱ्याच्या खांद्यावर टाकला नाहीं. त्याचीं प्रवासवर्णनें वाचतांना आपण हंसतों, आणि हंसावेंच. तीं त्यासाठींच लिहिलेलीं आहेत. मात्र शेवटचें पुस्तक हातीं घेतांना एवढें स्मरावें कीं, त्यांतील प्रत्येक पान हा एका हप्त्याचा भरणा होता, आणि तो भरणाऱ्याच्या मागच्या खोलींत एक खुर्ची रिकामी होती.